लेख वीस तारखेला द्यायचाय आणि वॉर्ड डेंग्यूने भरलाय

पत्र:

ताई, नमस्कार. मी ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, राहायला ऐरोलीला. नोकरीला दहा वर्षं झाली. मधूनमधून लिहिते, पेपरच्या पुरवणीत दोन-तीन छोटे लेख आलेत. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी स्वतः फोन करून ‘नर्सच्या नजरेतून हॉस्पिटल’ असा तीन हजार शब्दांचा लेख मागितला. मे महिन्यात हो म्हटलं तेव्हा मी हवेत होते. तारीख ३१ जुलै होती, ती गेली, त्यांनी २० ऑगस्ट दिली, आणि आता वॉर्ड असा भरलाय की एक्स्ट्रा बेड टाकलेत. डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो सगळं एकदम. दोन सिस्टर सोडून गेल्या त्यामुळे नाइट वाढल्यात. नाइट करून घरी आलं की स्वयंपाक, मुलीचं आवरणं, मग लॅपटॉप घेऊन बसते तर दोन वाजतात, झोप मिळते तीन तास. नऊशे शब्द झालेत पण वाचले की शाळेतला निबंध वाटतो. ट्रेनमध्ये मोबाइलवर लिहायला गेले तर डोळा लागला, जाग आली तेव्हा ऐरोली मागे जाऊन तुर्भे आलं होतं. सासूबाई म्हणतात, एवढं करून हातात काय पडणार आहे. नवरा काही म्हणत नाही पण गणपती तोंडावर आलेत हे त्याच्या तोंडावर दिसतं.

आणि एक गोष्ट कोणालाच सांगितली नाहीये. गेल्या आठवड्यात पहिल्या नाइटला पहाटे पाचच्या सुमारास मी चौदा नंबरच्या टायफॉइडच्या पेशंटचं सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन घेऊन बारा नंबरला गेले. दोघांचं आडनाव सारखं. ज्युनियर सिस्टरने पेशंटच्या हातातला नावाचा बँड वाचला म्हणून थांबले. बारा नंबरचा डेंग्यूचा होता. इनचार्ज सिस्टरना बोलले नाही, मेमो मिळेल म्हणून.

कधी वाटतं लिहिणंच सोडावं, कधी वाटतं नोकरी बदलावी. काय सुचतं ते पण धड सांगता येत नाही. पहाटे प्लेटलेटचा रिपोर्ट आला की नातेवाईक फक्त आकडा विचारतात, अठरा हजार म्हटलं की रडतात, बावीस हजार म्हटलं की हात जोडतात, आणि मला माहीत असतं की दोन्हीत तसा काहीच फरक नाहीये. हे असं काहीतरी लिहायचंय पण लेख होत नाही. काय करू?

– एक सिस्टर, ऐरोली

उत्तर:

प्रिय सिस्टर,

तुझं पत्र लेखाबद्दल आहे पण मला आधी बारा आणि चौदा नंबरबद्दलच बोलायचंय, कारण तू ते मधे कुठेतरी घालून टाकलंयस आणि तीच त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

तू लिहिलंयस पहिली नाइट होती. म्हणजे त्या दिवशी सकाळी मुलीच्या शाळेसाठी तू सहाला उठली असणार, दिवसभर घरातलं, लेखाला बसणं, आणि झोप न घेता रात्री आठला ड्युटीवर. आता हिशोब कर. रात्री अकरालाच तुला जागी होऊन १७ तास झाले, आणि पहाटे पाचला २३. १९९७ साली ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड या दोघांचा एक अभ्यास आला होता, त्यात त्यांनी माणसांना जागं ठेवून आणि दारू देऊन दोन्ही तऱ्हेने त्यांची कामगिरी तपासली. १७ तासांच्या जागरणानंतर माणसाचा हात आणि डोकं साधारण ०.०५ टक्के रक्तातल्या अल्कोहोलइतकं मंदावतं, २४ तासांनी ०.१० च्या आसपास. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. तू दारूच्या थेंबाला शिवली नसशील पण त्या पहाटे पोलिसांनी जिला स्कूटरवरून उतरवलं असतं अशा अवस्थेत तू इंजेक्शन हातात घेऊन उभी होतीस. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. तू बेफिकीर नाहीस, दहा वर्षांत तुझ्या हातून असं झालं नसणार हे तुझ्या लिहिण्यावरून कळतंय. शरीराचं गणित आहे ते, आणि त्यात पहाटे तीन ते पाच ही वेळ अशी की नीट झोपलेल्या माणसाचंसुद्धा लक्ष तळाला जातं.

म्हणून पहिलं काम: इनचार्ज सिस्टरना सांग. तोंडी आणि मग इन्सिडेंट फॉर्मवर, नियर मिस, म्हणजे होता होता टळलेली चूक, म्हणून. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन, असलेल्या हॉस्पिटलला असे नियर मिस नोंदवायची पद्धत ठेवावीच लागते आणि ती शिक्षेसाठी नसते, पुढच्या वेळी चुकीचं इंजेक्शन खरंच आत जाऊ नये यासाठी असते. फॉर्ममध्ये रडगाणं नको, माफी नको. वेळ, बेड, औषध, दोन्ही पेशंटची आडनावं सारखी, बेड नंबरवर गेले, बँडवरचा आयपीडी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी नंबर) ज्युनियरने तपासला, औषध दिलं गेलं नाही. एवढंच. आणि खाली सुचवून टाक की सारख्या आडनावाचे पेशंट शेजारी-शेजारी ठेवू नयेत, ठेवले तर फाइलवर आणि बेडवर लाल स्टिकर लावावा. पावसाळ्यात एका वॉर्डात चार पाटील आणि तीन शिंदे असतातच ना. मेमो येईल का? काही ठिकाणी येतो, खोटं कशाला सांगू. पण तू लपवलंस आणि महिन्याने दुसऱ्या कोणाच्या हातून तेच झालं तर तो मेमो तुला स्वतःला द्यावा लागेल आणि तो फाइलमधून कधीच निघत नाही. त्या ज्युनियर सिस्टरचं नाव फॉर्ममध्ये चांगल्या अर्थाने येऊ दे, तिने सिनियरला थांबवायची हिंमत केली.

दुसरं काम झोपेचं, आणि इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. तुझं आत्ताचं सगळं प्लॅनिंग असं आहे की लेखाला लागणारा वेळ झोपेतून काढायचा. तो वेळ झोपेतून निघत नाही, निघाल्यासारखा वाटतो. नाइट करून आल्यावर अकरा ते दोन तू लॅपटॉपसमोर बसतेस आणि त्यातून निबंध निघतो, कारण त्या तीन तासांत तुझं डोकं बंदच असतं. ते नऊशे शब्द वाईट लेखिकेचे नाहीत, ते झोपलेल्या बाईचे आहेत. पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी दीड तास तरी झोपायचंच, पडदे ओढून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. नाइटवर चहा-कॉफी जी काय प्यायची ती रात्री दोनपर्यंत, नंतर नाही, कारण कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो आणि सकाळी दहाला तू डोळे मिटून पडलीस तरी आतून जागीच राहतेस. घरी आल्यावर आधी खा, मग झोप, स्वयंपाक नंतर. ठाणे ते ऐरोली हा दहा मिनिटांचा प्रवास आहे, त्यात लेख लिहायला मोबाइल काढू नकोस. जागा मिळाली तर बस, अलार्म लाव आणि डोळे मीट, म्हणजे ट्रान्स हार्बर लोकलने तुला परत तुर्भ्याला नेऊन सोडायला नको.

स्वयंपाक नंतर हे वाचून तुला वाटलं असेल, ताईंना सांगायला काय जातंय. तर नवऱ्याशी बोल, आणि ‘मला मदत करत जा’ असं मोघम नाही. मोघम मागितलं की मोघमच मिळतं. नाइटच्या आठवड्यात दुपारचं जेवण तो सकाळी करून ऑफिसला जाईल किंवा पोळीवाल्या मावशी लावा, मुलीला शाळेतून आणायचं काम सासूबाईंचं, आणि दहा ते चार तुझ्या खोलीचं दार बंद. गणपतीचं म्हणशील तर यंदा मोदक विकत आणा. नौपाड्यात, राम मारुती रोडला, अगदी तुमच्या ऐरोलीतसुद्धा घरगुती उकडीचे मोदक ऑर्डरवर मिळतात, ज्या बायका ते करतात त्यांचंही घर त्यावर चालतं. सासूबाईंना पैशांवरून उत्तर देत बसू नकोस. दिवाळी अंकाच्या मानधनात काही पडत नाही हे खरंच आहे आणि त्या खोटं बोलत नाहीयेत. पण त्यांना इन्सिडेंटचं सांग. घरच्यांना वाटतं तू लॅपटॉप घेऊन बसतेस म्हणजे आराम करतेस. सून पहाटे पाचला कशाच्या काठावर उभी असते हे त्यांना कधी कोणी सांगितलेलंच नसतं.

ड्युटीचंही तसंच मोघम नको. ‘सिस्टर, नाइट कमी करा ना’ म्हटलं की इनचार्ज हात वर करणार, त्यांच्याकडे माणसंच नाहीयेत, रोस्टर त्या तरी कुठून भरणार. त्यापेक्षा तू स्वतः एखादी मैत्रीण शोधून म्युच्युअल ठरवूनच त्यांच्याकडे जा. अमुक दोन नाइट ती करेल, गौरीच्या दिवशी तिची मॉर्निंग मी करते. आणि लेखाचं कारण लपवू नकोस. बऱ्याच इनचार्ज सिस्टर दिवाळी अंक वाचतात, आपल्या वॉर्डातली मुलगी लिहितेय हे कळलं की त्यांना बरंच वाटतं. नाही वाटलं तरी कारण खरं असलेलं बरं.

आता संपादक. तुझ्या पत्रात एक वाक्यही असं नाही की तू त्यांना काही कळवलंयस. मे मध्ये हो म्हटलंस, जुलै गेला, त्यांनीच तारीख वाढवली, तू गप्प. दिवाळी अंकाचं काम मी जवळून बघितलंय म्हणून सांगते, उशीर त्यांना नवीन नाही, दरवर्षी निम्मे लेखक उशीर करतात आणि त्यासाठी ते तारखा पुढेमागे धरूनच चालतात. त्यांची झोप उडते ती न उचललेल्या फोनने. तुझ्या लेखासाठी त्यांनी आठ पानं धरलीत, चित्रकाराला सांगायचंय, जाहिराती त्या पानांच्या हिशोबाने बसवायच्यात, सप्टेंबरात डीटीपी आणि प्रूफं, मग छपाई. लेख येणार नाही हे त्यांना ८ ऑगस्टला कळलं तर ते दुसऱ्याला फोन करतील, २५ ला कळलं तर ती पानं त्यांच्या अंगावर येतात. म्हणून हे वाचून झाल्यावर, आजच, त्यांना व्हॉट्सअ‍ॅप कर. मी लिहूनच देते, हवं तर तुझ्या शब्दांत बदल:

‘नमस्कार सर. आधी कळवायला हवं होतं, उशीर झाला. वॉर्डात पावसाळ्याची गर्दी आहे आणि नाइट वाढल्यात, त्यामुळे २० तारखेला तीन हजार शब्द देणं मला जमणार नाही. विषय लहान करून दीड हजार शब्द देऊ शकते: डेंग्यूच्या वॉर्डातला प्लेटलेटचा आकडा आणि त्याभोवतीची माणसं. २८ ऑगस्टला नक्की देते. हे चालणार नसेल तर प्लीज आजच सांगा, म्हणजे तुम्हाला ती जागा दुसऱ्या कोणाला देता येईल.’

बास. सासूबाई, गणपती, तब्येत काही नको त्यात. ते नाही म्हणाले तर वाईट वाटेल, दोन दिवस वाटू दे, लेख तुझाच राहतो, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल. पण मला वाटतं ते हो म्हणतील, आणि ते का म्हणतील ते आता सांगते.

‘नर्सच्या नजरेतून हॉस्पिटल’ हा विषय तुला दिला तिथेच खरं तर घोटाळा झाला. एवढ्या मोठ्या विषयावर दहा वर्षं नोकरी केलेली बाईसुद्धा निबंधच लिहिणार, रुग्णसेवा, माणुसकी, पांढरा गणवेश, डोळ्यांतलं पाणी. हॉस्पिटल असं एकगठ्ठा कुठे दिसतं का नर्सला? तिला दिसतो बेड, चार्ट, सलाइनचा रेट, लघवीची पिशवी, आणि नातेवाइकाचा चेहरा. आणि तू मला पत्राच्या शेवटी, लेख होत नाही म्हणता म्हणता, लेख लिहून पाठवलायस. अठरा हजार म्हटलं की रडतात, बावीस हजार म्हटलं की हात जोडतात. सिस्टर, मी हे वाक्य वाचून थांबले. डेंग्यूच्या वॉर्डाबद्दल इतकं खरं मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

हाच लेख. फक्त आकडा.

बघ त्यात काय काय येतं. माणसाच्या प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख असतात हे आता ठाण्यातल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहे, पण इतक्या खाली गेल्यावर मशीनचा आकडा चार हजार इकडेतिकडे होऊ शकतो, कधी कधी लॅबवाले स्लाइड करून डोळ्यांनी परत बघतात, हे कोणाला माहीत नसतं. आकड्याकडे सगळे बघतात आणि ज्याकडे तू बघतेस त्याकडे कोणीच बघत नाही. पोटात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीयेत का, हातपाय गार पडलेत का, लघवी किती झाली, हिमॅटोक्रिट चढतंय का, म्हणजे रक्त दाट होतंय का. ताप उतरला म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, मुलगा म्हणतो चला आता डिस्चार्ज कधी, आणि तू नेमकी तेव्हाच दर थोड्या वेळाने बीपी घ्यायला येऊ लागतेस कारण डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे. त्यांना वाटतं सिस्टर उगाच उठवते. ही एवढीच गोष्ट नीट लिहिलीस ना तरी वाचणाऱ्याच्या घरातला एखादा माणूस वाचेल, मी मनापासून सांगते.

मग तो खाऊचा सगळा प्रकार. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगनफ्रूट, बकरीचं दूध, पहाटे कळव्याहून कोणीतरी बाटलीत हिरवं पाणी घेऊन येतं आणि तुला विचारतं, सिस्टर, गाळून देऊ की तसंच. तू काय उत्तर देतेस ते लिही. त्या माणसाला हसू नकोस, त्याच्या हातात करण्यासारखं तेवढंच एक असतं. मग डोनरची धावपळ. एका माणसाच्या प्लेटलेट मशीनवर काढायच्या, एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट), म्हणजे डोनरला तास-दीड तास खुर्चीत बसवायचं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज गेल्यावर दहा जण हो म्हणतात आणि प्रत्यक्ष दोन येतात. प्लेटलेटची पिशवी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ डिग्रीला सतत हलवत ठेवावी लागते आणि ती पाचच दिवस टिकते, तरी नातेवाईक बर्फ आणू का विचारतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे डॉक्टर म्हणतात ब्लीडिंग नाहीये, दहा हजारांच्या वर आहे, प्लेटलेट चढवायची गरज नाही, आणि हे ऐकून बायको समजते की हॉस्पिटल काही करत नाहीये. डॉक्टर राउंड घेऊन जातात. तिच्याजवळ रात्रभर तू असतेस. तेव्हा तू तिला काय सांगतेस?

हे लिहायला तुला रिसर्च लागत नाही, पुस्तक लागत नाही. दीड हजार शब्द म्हणजे बोलून बारा-पंधरा मिनिटांचा मजकूर आहे. तुला रोज हँडओव्हर द्यायची सवय आहे, पुढच्या सिस्टरला काय बदललं, कशावर लक्ष ठेवायचं हे तू उभ्या उभ्या नेमकं सांगतेस. तसंच फोनचं व्हॉइस टायपिंग मराठीवर ठेव आणि हा आकड्याचा किस्सा एखाद्या मैत्रिणीला सांगतेस तसा सांगून टाक. हिमॅटोक्रिटचं ते काय वाट्टेल ते टाइप करेल, अनुस्वार खाईल, करू दे. बोलताना मधे थांबून दुरुस्ती करायची नाही. तो कच्चा माल मग एका सलग बसणीत कापायचा. तुझे जुने नऊशे शब्द उघडूच नकोस, त्यातलं काही राखायला गेलीस की परत निबंध सुरू होईल.

बसायचं कधी? नाइटच्या आठवड्यात नाही, एक अक्षर नाही. इव्हिनिंग ड्युटी असेल त्या आठवड्यात मुलगी सकाळी शाळेत गेली की साधारण नऊ ते अकरा तुझे. घरी होत नसेल, दाराची बेल, कुकर, दूधवाला, तर ऐरोलीतच सेक्टर १५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे, तिथल्या ग्रंथालयात जाऊन बस. सुट्टीच्या दिवशी ठाण्यात असशील तर १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. वेळा आधी विचारून घे. नाइट संपल्यावर मिळणारा पहिला ऑफ हा ऑफ नसतो, तो झोपेचा दिवस आहे, लिहायला धरायचाच नाही. २८ तारखेपर्यंत तुला अशा तीन-चार सकाळी मिळाल्या तरी दीड हजार शब्द होतात. तीन हजार झाले नसते, आणि म्हणूनच लेख लहान करायला सांगतेय.

एक गोष्ट मात्र कडक. पेशंट ओळखू येता कामा नये. वॉर्डात सांगितलेलं, दिसलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही हे तू नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकलीयस, लेखासाठी ते बदलत नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही, ठाणे-कळवा-ऐरोली हे फार लहान गाव आहे सिस्टर, ‘विटाव्याचा रिक्षावाला, तीन मुली, श्रावणात गेला’ एवढं लिहिलं की आख्खी चाळ ओळखते. वय बदल, राहायचं ठिकाण बदल, दोन-तीन पेशंटचं मिळून एक माणूस कर. कोणा एकाचीच गोष्ट आहे आणि ती तशीच सांगायचीय असं वाटलं तर त्याला किंवा घरच्यांना विचार, लेखी हो घे, नाही म्हणाले तर सोड. व्हॉइस टायपिंगला बोलताना सुद्धा नाव नाही, आयपीडी नंबर नाही, केसपेपरचा फोटो तर अजिबात नाही. आणि हॉस्पिटलचं नाव लेखात किंवा लेखिकेच्या परिचयात येणार असेल तर आधी परवानगी. अपॉइंटमेंट लेटर काढून बघ, त्यात माध्यमांशी बोलण्याबद्दल एखादं कलम असतं बऱ्याचदा. परिचयात ‘ठाण्यात परिचारिका’ एवढं पुरतं.

तू विचारलंयस लिहिणं सोडू की नोकरी बदलू. लिहिणं सोडायचं कारण मला तुझ्या पत्रात कुठे सापडलं नाही. नोकरीचा निर्णय ऑगस्टमध्ये घ्यायचा नसतो, अर्धवट झोपेत आणि भरलेल्या वॉर्डात तर नाहीच. दिवाळी होऊ दे, थंडी पडली की वॉर्ड जरा मोकळा होतो, दोन आठवडे नीट झोप आणि तेव्हाही तेच वाटलं तर परत लिही, मग त्यावर बोलू. पण एक समजून घे, हा जो पेच पडलाय तो तुझ्या नियोजनात कच्चेपणा आहे म्हणून पडलेला नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चाललीय, आणि दिवाळीआधी अंक स्टॉलवर यायचा तर मजकूर ऑगस्टातच हातात लागतो. डेंग्यूचे पेशंटही ऑगस्टातच वाढायला लागतात. लेखनात मुरलेल्या मंडळींना पावसाळा म्हणजे निवांत वेळ, हॉस्पिटलातल्या माणसाला तो वर्षातला सगळ्यात वाईट काळ. त्यामुळे पुढच्या वर्षी कोणी मे मध्ये लेख मागितला तर तारीख तूच सांग, १० जून, पाऊस लागायच्या आत. संपादक आनंदाने उडी मारतील, जूनमध्ये लेख देणारा लेखक त्यांना कधी भेटत नाही.

आणि यंदाचा लेख दिलास की सप्टेंबरात प्रूफ मागून घे, पीडीएफ पाठवा म्हण. मजकूर युनिकोडमध्ये पाठव, नाहीतर फाँट बदलताना जोडाक्षरं तुटतात. प्रूफात भाषा वाचत बसू नकोस, ती संपादक बघतील, तू आकडे बघ. अठरा हजारातलं एक शून्य पडलं की अठराशे होतात, एक जास्त झालं की एक लाख ऐंशी हजार, आणि डीटीपी करणाऱ्याला त्यातला फरक कळायचं कारण नाही. एकदा वाच, मग त्या ज्युनियर सिस्टरला वाचायला दे.

– ताई